शरयू, पाणी उताराकडेच जातं

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही पण ऐकायला आवडतं अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की ओमानच्या सल्तनतीत, जगात इतरत्र वाहतं तसंच, पाणी उताराकडे वाहतं. चढाकडे नाही. या मुद्द्यावर खाली सही करणारा ठाम होता, ठाम आहे आणि ठाम राहील. प्रतिपक्षाचं निधन झालं म्हणून दावा निकाली निघाला असा गैरसमज कोणी, विशेषतः प्रतिपक्षाने, करून घेऊ नये.

तर शरयू, हे तुला उद्देशून आहे. शोकसभेत मला पाच मिनिटं दिली होती. मस्कतच्या आपल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात गेली वीसेक वर्षं मीच माइकपाशी उभा असतो, तेव्हा हेही आपसूक माझ्याकडे आलं. मी नाही म्हणालो. लोकांना वाटलं, प्रधानांना दुःख अनावर झालं. झालं होतं, पण कारण ते नव्हतं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तू शांत, सोशिक, मितभाषी होतीस असं सांगून टाकलं होतं. मी उभा राहिलो असतो तर त्या सगळ्यांना खोटं पाडावं लागलं असतं. तू मला भर मत्राहच्या बंदरात ओला ब्रश फेकून मारलेला आहेस. तो डाग अजून माझ्या टोपीवर आहे. तू त्या रंगाचं नावही मला सांगितलं होतंस, वर म्हणाली होतीस की हा धुऊन निघत नाही.

तुझं ते खूळ सुरू कसं झालं, ते मला नीट आठवतं. सीबच्या तुमच्या घरी जेवायला आलो होतो. तुझे यजमान विनायकराव दुक्महून गाडी हाकत येऊन आत घोरत होते आणि तू जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून कागद पसरलेस. इंग्रज साहेबांनी रंगवलेली मस्कतची, निझव्याची, डोंगरांची चित्रं. कुठल्याशा संग्रहालयाने ती इंटरनेटवर टाकली होती आणि तू ती झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर छापून आणली होतीस. काढणारे कोणी मोठे चित्रकार नव्हते. मुंबईहून निघालेल्या जहाजांवरचे लेफ्टनंट, डॉक्टर, एखाद्या एजंटाची कंटाळलेली बायको. त्या काळी अधिकाऱ्याला चित्र काढता येणं म्हणजे आज आपल्याला एक्सेल येण्यासारखं होतं, असं तू म्हणालीस. आधी किल्ल्याचं आणि किनाऱ्याचं रेखाटन सरकारसाठी करायचं, मग उरलेल्या वेळात रंगांची छोटी पेटी उघडून तोच डोंगर स्वतःसाठी रंगवायचा.

मी लगेच बाह्या सरसावल्या. म्हणालो, म्हणजे आधी हेरगिरी, मग हौस. ज्या डोळ्यांनी तोफा मोजल्या त्याच डोळ्यांनी सूर्यास्त पाहिला, आणि आपण त्याला कला म्हणायचं. तू चिडली नाहीस. तू म्हणालीस, माणसं त्यांना दिसत नव्हती हे खरं, पण डोंगर दिसत होता, आणि डोंगराशी ते खोटं बोलले नाहीत. हे वाक्य मी तुझ्या हयातीत कधी मान्य केलं नाही. आजही अर्धंच करतो.

माणसांचं मात्र तू मनावर घेतलंस. प्रत्येक साहेबाच्या चित्रात कोपऱ्यात एक मुंगीएवढा माणूस असतोच. काठी घेतलेला, नाहीतर उंटाशेजारी उभा. डोंगर केवढा मोठा आहे ते कळावं म्हणून मोजपट्टीसारखा ठेवलेला. त्याला चेहरा नाही, नाव तर नाहीच. तू ठरवलंस की ज्या जागी बसून साहेबाने चित्र काढलं तीच जागा शोधायची, तिथे बसून आजचं चित्र काढायचं, कोपऱ्यात आज तिथे जो कोणी असेल तो माणूस काढायचा आणि खाली त्याचं नाव लिहायचं. साहेबाचं चित्र आणि तुझं चित्र, अशी जोडी. नाव विचारल्याशिवाय तू माणूस रंगवायची नाहीस. बुरुजाखाली झाडणारा चितगावचा आलम, बंदरावरचा कोल्लमचा शाजी, निझव्याच्या सूकमधले, म्हणजे बाजारातले, आपले दापोलीचे याकूबभाई. त्यांना तू स्वतःच्या दुकानासमोर उभं केलंस तर ते तासभर हलले नाहीत. गिऱ्हाईक आलं की डोळ्यांनी खुणावून परत पाठवायचे.

मी कशाला येत होतो? हा प्रश्न तू विचारला नाहीस, आणि मीही सांगितलं नाही. मुलाच्या शाळेसाठी घरची मंडळी पुण्याला गेल्यापासून सुट्टीचा शुक्रवार मला खायला उठायचा. आठवडाभर ऑफिसात मी सगळ्यांना हसवायचो आणि शुक्रवारी घरात माझी विनोदबुद्धी माझ्यावरच चालवायचो, जे फार वाईट. तुझा फोन यायचा. ‘यल्ला, पाण्याच्या बाटल्या घे आणि निघ.’ एवढंच. तू मला कधी एकटा म्हणाली नाहीस. तुला बाटल्या उचलायला माणूस हवाय असंच दाखवलंस. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. आता मानतो, पण लगेच पुढे जातो, नाहीतर तू म्हणशील नाटकी माणूस रडायला लागला.

आता त्या सर्जनाकडे वळू.

जहाजावरचा कोणी डॉक्टर. निझव्याच्या पलीकडे एका खेड्यापर्यंत आला, चित्र काढलं, खाली गावाचं नाव चुकीच्या स्पेलिंगमध्ये लिहिलं आणि गेला. चित्रात मागे डोंगर, उजव्या हाताला बुरूज, पुढे खजुराच्या बागेची मातीची भिंत, आणि भिंतीच्या वर, डोंगराच्या कुशीतून जाणारा फलज. कोकणात आपण ज्याला पाट म्हणतो तोच, फक्त डोंगराच्या पोटातून मैलोगणती आणलेला. पाणी डावीकडून उजवीकडे बुरुजाजवळच्या बागेत जातं. आणि साहेबाने पाट काढलाय तो डावीकडे खाली आणि उजवीकडे वर. म्हणजे पाणी ऐटीत डोंगर चढून बागेला जातंय.

मी इतका हसलो की विनायकराव जागे झाले. ते बाहेर आले, त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, ‘पंप कुठे दाखवलाय?’ दुक्मला आयुष्य पाण्याच्या पाइपांवर काढलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. मी म्हणालो, साहेब प्यालेला होता. तू म्हणालीस, साहेब बसलेला होता आणि त्याने जे दिसलं ते काढलं.

तुझ्याकडे पुरावा होता, आणि तो चांगला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तू आकाशावर बोट ठेवलंस. निळ्या रंगात कडा पडल्या होत्या, शिवणीसारख्या. तू सांगितलंस की जलरंगाचा हात सलग फिरवायचा तर कागद ओला राहावा लागतो. बंदरावर, जहाजावर हवा दमट, तिथे आकाश गुळगुळीत येतं. म्हणून बहुतेक साहेबांनी मस्कत समुद्रातूनच रंगवलं. आतल्या भागात, निझव्याकडे, हवा अशी कोरडी की ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं. मग कड पडते. ज्या चित्राच्या आकाशात कड आहे ते उन्हात, जागेवर बसून काढलंय. केबिनमध्ये आठवून काढणारा आकाश चुकवत नाही, असं तुझं म्हणणं. मी म्हणालो, आकाश जागेवर काढलं असेल, पाट नंतर बोटीवर रम पिऊन काढला असेल. ब्रश तू तेव्हा नाही, पुढच्या शुक्रवारी मारलास. बंदरात होडीत बसून मी तोच विनोद पुन्हा केला म्हणून.

मग आपण त्या खेड्यात गेलो. याकूबभाईंनी बागेच्या मालकाशी, नासरशी, गाठ घालून दिली. बुरूज होता, भिंत होती, डोंगर तर कुठे जातोय. तू तुझं ते वीतभर उंचीचं घडीचं स्टूल मांडलंस, कागद गुडघ्यावर घेतलास, आणि फलज कोरडा निघाला. त्या दिवशी पाण्याची पाळी दुसऱ्या बागांची होती. गावात पाणी पाळीने फिरतं, कोणाला कधी ते ठरलेलं, आणि आपण दोन शहाणे पाळी न विचारता शंभर मैल गाडी हाकत आलेलो. ही चूक दापोलीतल्या शेंबड्या पोरानेही केली नसती, असं याकूबभाई मागाहून म्हणाले.

कोरडा पाट मला तर सरळ उताराचा दिसत होता आणि मी तसं मोठ्याने जाहीर केलं. तू खालून म्हणालीस, ‘बस आणि बघ.’ मी म्हणालो, पँट पांढरी आहे. तू सगळं चित्र पुरं केलंस. आकाशाला कडा पडल्या, त्या तू मुद्दाम राहू दिल्यास. फक्त पाटाची जागा कोरी सोडलीस. पाणी आल्याशिवाय पाणी रंगवणार नाही, म्हणालीस. कोपऱ्यात माणूस म्हणून मला काढलंस, पांढऱ्या पँटसकट, छत्री धरून, आणि खाली लिहिलंस: ‘प्रधान. बसायला तयार नाहीत.’

पुन्हा येऊ, इन्शाल्ला, असं नासरला सांगून निघालो. त्यानंतर तुझं दुखणं निघालं.

हॉस्पिटलात मी येत होतो तेव्हा आपण आजाराबद्दल बोललो नाही. खाटेवरून तू म्हणायचीस, चढतं. मी खुर्चीवरून म्हणायचो, उतरतं. नर्सला वाटायचं आपण तापाबद्दल बोलतोय. शेवटी शेवटी तुला बोलायला त्रास व्हायचा तेव्हा तू नुसतं बोट वर करायचीस आणि मी माझं खाली. एवढ्या प्रामाणिकपणे माझ्याशी आयुष्यात कोणी भांडलेलं नाही. एकदा वाटलं होतं, म्हणून टाकावं, तुझंच खरं. म्हटलं नाही. तुला लगेच कळलं असतं की प्रधान हरला नाही, घाबरलाय.

आता मुद्द्यावर येतो. पाडव्याच्या कार्यक्रमात मंडळ तुझ्या जोड्या लावतंय. सगळ्या फ्रेम झाल्या. पण विनायकरावांनी सर्जनाची जोडी काढून ठेवली. मी घरी गेलो तर ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे उभी. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, ही नको. कारण विचारलं तर बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी लावत राहिले. शरयू, तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. ‘तिचं सामान’, ‘तिचे रंग’, एवढंच. आलेल्यांना चहा विचारतात, कागदपत्रं चोख करतात, आणि तू ज्या खुर्चीत बसायचीस तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात, म्हणजे तिथे कोणी बसायला नको.

शेवटी म्हणाले, ‘लोक हसतील हो. एक चित्र अर्धवट, दुसरं चूक. आपल्यात निम्मे इंजिनियर आहेत. पहिला माणूस येईल तो पाण्याला हसेल. तिला हसलेलं मला चालायचं नाही.’

तुला खरं वाटणार नाही. इतकी वर्षं सगळ्यात जास्त हसलो तो मीच, आणि आता मीच त्यांच्यासमोर उभा राहून म्हणत होतो की ही जोडी लागलीच पाहिजे. त्यांनी विचारलं, तुम्हीच तर म्हणता ते चूक आहे. मी म्हणालो, हो, चूकच आहे. पण मला तिच्याशी भांडायचंय आणि भांडायला चित्र भिंतीवर हवं. कपाटामागच्या बाईशी मी कसा भांडू? यावर ते हसले नाहीत. पण वर्तमानपत्र थोडं सोडलं आणि चित्राच्या कोऱ्या पट्टीकडे बघत राहिले.

मी त्यांच्याशी एक बोली केली. पाणी असेल त्या दिवशी चला. तुम्ही इंजिनियर आहात, मोजा. चित्राला लाज वाटण्यासारखं काही सापडलं तर मी स्वतः ते कपाटामागे ठेवून येईन, आणि पुन्हा नाव काढणार नाही. त्यांनी शुक्रवारी झोप लागते वगैरे सबबी सांगितल्या. मी पाण्याच्या बाटल्या गाडीत ठेवल्या आणि हॉर्न वाजवत राहिलो. तुझ्याकडूनच शिकलो.

याकूबभाईंना फोन केला होता. ते म्हणाले, ‘परधानशेट, या खेपेला पानी कवा येल ते मी इचारून ठेवतंय. बाईंचं काम हाय, कोरडं जायाचं न्हाय.’ आणि दुकान बंद करून ते आमच्याबरोबर आले. शुक्रवारी, निझव्यात, बकऱ्यांच्या बाजाराच्या गर्दीत, ज्या दिवशी त्यांचा सगळा धंदा होतो त्या दिवशी.

नासरने आम्हाला आधी बसवलं. खजूर, कहवा, पुन्हा कहवा. तू आता नाहीस हे याकूबभाईंनी त्याला अरबीत सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे वळला. मग म्हणाला, ती बाई माझ्या भिंतीकडे माझ्यापेक्षा जास्त वेळ बघत होती. हे मला याकूबभाईंनी सांगितलं, आणि विनायकरावांनीही ऐकलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून म्हणाले, चला, मोजून घेऊ, खलास.

नासरने वर जाऊन पाटाचं तोंड अडवणारा, चिंध्या लावलेला दगड बाजूला केला. आम्ही भिंतीच्या अलीकडे, तुझ्या जागेवर उभे. आधी नुसता आवाज आला, मग पुढे पाचोळा ढकलत पाणी आलं, डावीकडून उजवीकडे, बागेकडे. विनायकराव भिंतीला वळसा घालून डोंगरावर चढले, पाटाच्या काठावर उतार मोजायला मोबाइल आडवा ठेवला, थोडं पुढे जाऊन पुन्हा ठेवला. तिथूनच त्यांनी हाताचा पंजा उताराकडे करून दाखवला. उतार. स्वच्छ, शास्त्रशुद्ध उतार. आणि मला उभ्या जागेवरून दिसतही तसंच होतं. भिंतीपलीकडे बागेचे वाफे पायरीपायरीने खाली उतरत होते, पाटही त्यांच्याबरोबर हळूच उतरत होता.

मी जिंकलो, शरयू. आणि जिंकल्यावर मी छत्री उघडून उगाच त्या सावलीत तोंड लपवलं. जोडी आता कपाटामागे जाणार होती. माझ्याच बोलीमुळे.

विनायकराव खाली आले. मी गाडीतून तुझी पिशवी आणली होती, कशाला ते मलाच माहीत नव्हतं. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, स्टूल काढलं, उलगडायला जमेना म्हणून थोडी झटापट केली, आणि त्यावर बसले. एवढा मोठा माणूस वीतभर स्टुलावर, गुडघे छातीशी. तुझं चित्र काढून गुडघ्यावर घेतलं. मला वाटलं, निरोप घेतायत. मी दुसरीकडे पाहिलं.

नंतर मीही बसलो. पँट खाकी होती, सबब नव्हती. खाली बसलं की भिंतीची कड वाफ्यांना झाकून टाकते. पलीकडची जमीन किती पडलीय ते दिसतच नाही. उरते फक्त भिंत आणि तिच्यावरचा पाट. भिंत जमिनीबरोबर भराभर खाली उतरते, पाट सावकाश उतरतो, आणि डोळा वेडा भिंतीलाच सपाट धरतो. मग पाट चढायला लागतो. उभा राहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. मोबाइलला तर नाहीच नाही. ज्याला तासन् तास कागद गुडघ्यावर घेऊन बसायचंय, त्यालाच दिसतं.

माझी भूमिका बदललेली नाही, याची नोंद घ्यावी. पाणी उताराकडेच जातं, मोबाइल साक्षी आहे, आणि मी पाडव्याला त्या जोडीसमोर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगणार आहे. समोर वीतभर स्टूल ठेवायची परवानगी मंडळाकडून घेतली आहे. ज्याला तुझी बाजू ऐकायची असेल त्याने बसावं. पाटाची जागा कोरीच राहील, तिथे कोणी हात लावायचा नाही, हे विनायकरावांनी फ्रेमवाल्याला स्वतः बजावलंय. आपला वाद चालू आहे. चालूच राहणार.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी छत्रीमागे तोंड लपवून उभा होतो, याकूबभाई नासरशी हळू आवाजात बोलत होते, आणि माझ्या पायाशी, स्टुलावर, तुझा नवरा बसला होता, एकदा चित्राकडे, एकदा पाटाकडे बघत. मग आजूबाजूला कोण आहे हे विसरून, तू शेजारीच बसली आहेस अशा आवाजात, तो म्हणाला, ‘शरू... अगं, चढतंय की गं हे.’